चपलेची पत

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पेहरावाचा नवा संच दाखवला, तेव्हा मॉडेल मुलांच्या पायांतल्या चपला कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरानेही ओळखल्या असत्या. कंपनीने मात्र ना गावाचे नाव घेतले, ना कारागिरांचे. पुढचा गदारोळ आपण सर्वांनी वाचलाच आहे. महाराष्ट्राच्या व्यापारी चेंबरने पत्र धाडले, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले, तिची माणसे कोल्हापुरात येऊन गेली, उच्च न्यायालयातली याचिका फेटाळली गेली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी कंपनीचा करार झाला. इथे बनलेले दोन हजार जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकायचे, असे जाहीर झाले.

आपल्याला आनंद झाला, आणि तो व्हावाही. पण माझी उमेद बँकेच्या नोकरीत गेली. त्यामुळे वस्तू सुंदर दिसली की माझ्या मनात पाठोपाठ हिशेब उभा राहतो. या जोडातले कोणाला किती मिळाले, आणि मुख्य म्हणजे केव्हा मिळाले?

अस्सल कोल्हापुरी म्हणजे तळाला म्हशीचे कातडे आणि वर शेळीच्या कातड्याची बारीक वेणी. खिळा नाही, तळ शिवायचा तोही कातड्याच्याच वादीने. कातडे कमावायचे चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांनी. या कामाला आठवडे लागतात, तर क्रोमच्या रसायनात ते एक-दोन दिवसांत उरकते. कातडे कापणे, ठोकणे, तळ शिवणे हे बहुधा पुरुषांचे काम. वेणी घालणे, जरीचे काम, गोंडे हे बायकांचे. जोड विकला जातो तेव्हा नाव पुरुषाचे लागते, ही गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो, पुढे लागणार आहे.

आता या धंद्याचे अर्थशास्त्र पाहा. कातडे रोखीने घ्यावे लागते आणि चप्पल उधारीवर जाते. पावसाळ्यात कातडे वाळत नाही आणि गिऱ्हाईकही कोल्हापुरी घालत नाही, म्हणजे वर्षातले तीन-चार महिने हात रिकामे. पोट मात्र बारमाही. मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, आणि उचल घेतली की भाव त्याचा. या व्यापाऱ्याला खलनायक करण्याची आपल्याकडे रीत आहे, पण मुलीचे लग्न निघाले किंवा म्हातारा दवाखान्यात गेला तर रात्री अकराला पैसे तोच देतो. बँक त्या वेळी बंद असते.

आणि बँक उघडी असे तेव्हा काय करी? ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली कर्जे वाटण्याची धामधूम होती. एका शाखेत चप्पल कारागिरांच्या नमुना प्रकल्पात शिलाई मशीन लिहिलेले होते. वादीने शिवायच्या चपलेत त्या मशीनला करायला काही नव्हते. कातड्यासाठी पैसे मागितले तर ते 'मालमत्ता' या सदरात बसत नव्हते. पुढे वसुलीच्या निमित्ताने मी त्या वस्तीत गेलो, तेव्हा एका घरी मशीनवर अंथरुणांची वळकटी रचलेली होती. कागदोपत्री तो माणूस यंत्रधारी उद्योजक होता आणि थकबाकीदारही.

तेव्हापासून बरेच सुधारले, हे नाकारू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत चर्मकार आहेत, पाच टक्के व्याजाने तारणाशिवाय आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड असे आठ जिल्हे त्यात आहेत. सीमावादात दोन्ही राज्ये एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण चपलेसाठी एकत्र आली! मानांकनाने नावाला कुंपण पडते, एवढेच. रबरी तळाची, डिंकाने चिकटवलेली 'कोल्हापुरी' मुंबईच्या फुटपाथवर विकली जाते ती जातेच.

नक्षी पालटणे म्हणजे डिझाइन, असा एक समज आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची वाखाणणी केली होती. हातात कसा बसतो, पाणी कसे ओततो, डोक्यावर कसा नेता येतो, याचा विचार. त्यातूनच १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या दृष्टीने कोल्हापुरीकडे पाहिले तर तिचा खरा प्रश्न रूपाचा नाहीच. ती चावते! नवा जोड आणून रात्री तेल लावून ठेवणे आपण सगळ्यांनी केले आहे. शिवाय एकाच मापाचे दोन जोड सारखे भरत नाहीत. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'टोहोल्ड' नावाने काम उभे राहिले, त्यात मापे आणि आराम यांवर मेहनत घेतली गेली आणि बायकांचे गट करून त्यांनाच धंद्यात भागीदार केले गेले. नक्षीला हात लावण्याआधी करायचे काम ते हे.

कातड्याचीही ओढाताण आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे कातडे त्यात येत नाही, पण रस्त्यात गाडी अडवणाऱ्याला हा फरक समजावणार कोण?

आणि जात. ज्या गावाने चप्पल मिरवली, त्याच गावाने ती करणाऱ्याला वेशीबाहेर ठेवले. आज त्याचा मुलगा आयटीआय करून पुण्याच्या कारखान्यात जातो, तेव्हा 'कला मरते आहे' म्हणून गळा काढण्याचा आपल्याला काय अधिकार? आपली मुले आपण कोणी रापी-आरी धरायला बसवली? कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारेही आपणच. कारखान्यातल्या पगाराइतके घरबसल्या मिळाले, दर महिन्याला मिळाले, तर त्यातले काही राहतीलही.

म्हणून नव्या करारांतही आणि जुन्या उधारीतही मला हवी आहे ती एक साधी गोष्ट. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करण्याचे बंधन आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. पण त्याचा आधार घ्यायला कारागिराची उद्योग म्हणून नोंद लागते, आणि माल दिल्याची पावती लागते. महामंडळांनी मानांकनाच्या दाखल्यासोबत ही नोंद घरोघर जाऊन करून द्यावी. पावतीपुस्तक छापून द्यावे. आणि जोडाचे पैसे जमा करताना वेणी घालणाऱ्या बाईचा वाटा तिच्या स्वतःच्या खात्यात पडावा.