देवदूतांचे भांडवल आणि वैद्यांचा पाठ

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायात ‘एंजल गुंतवणूकदार’ हा नवा शब्द रूढ होऊ लागला आहे. पदवी घेऊन बाहेर पडणारे तरुण वैद्य, तसेच जुन्या फार्मसीमालकांची पुढची पिढी, बँकेचे उंबरठे झिजवण्याऐवजी अशा गुंतवणूकदारांच्या गटांपुढे आपली योजना मांडण्याचा विचार करीत आहे. व्यवसायबंधूंमध्ये यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. ‘बाहेरचा पैसा आला की शास्त्र गेले’ हे एक. ‘मिळतो आहे तोवर घ्यावा, पुढचे पुढे पाहू’ हे दुसरे. आमच्या मते ही दोन्ही मते मूळ प्रश्नाला बगल देतात. पैसा आल्यानंतर औषधाचा पाठ कोण ठरवणार, हा तो प्रश्न होय.

प्रथम हा व्यवहार काय आहे ते पाहू. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील नाटकांना पदरचा पैसा पुरवणाऱ्या धनिकांना ‘एंजल’ म्हणजे देवदूत म्हणत. तेथून हा शब्द उद्योगात आला. भारतात २००६ साली दिल्लीत ‘इंडियन एंजल नेटवर्क’ आणि मुंबईत ‘मुंबई एंजल्स’ हे गट स्थापन झाले. ‘सेबी’ने २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांत २०१३ साली एंजल निधींचा समावेश केला. नव्या कंपनीने वाजवी मूल्यापेक्षा अधिक किमतीला समभाग दिल्यास त्या अधिक रकमेवर आयकर लावणारी तरतूद २०१२ साली आली होती. ‘एंजल टॅक्स’ या नावाने कुप्रसिद्ध झालेली ही तरतूद जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केली. या मार्गातील एक मोठा काटा त्यामुळे दूर झाला आहे.

असा गट अर्जांची छाननी करतो, निवडक उद्योजकांना सभासदांपुढे बोलावतो, कागदपत्रे तपासतो आणि मग अनेक सभासद मिळून रक्कम उभी करतात. हे कर्ज नव्हे. त्याला तारण नाही, व्याज नाही, हप्ता नाही. उद्योग बुडाला तर पैसाही बुडतो, वैद्याच्या राहत्या घरावर जप्ती येत नाही. ज्याच्यापाशी गहाण ठेवण्यास जमीनजुमला नाही अशा तरुणाला हा मोठाच आधार आहे. २००० साली शेड्यूल ‘टी’ लागू झाल्यापासून यंत्रसामग्री, प्रयोगशाळा आणि नोंदी यांवरील खर्च केवढा वाढला, हे फार्मसीमालकांस वेगळे सांगणे नलगे. म्हणून या भांडवलास सरसकट त्याज्य ठरवणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

परंतु मोबदल्यात गुंतवणूकदार कंपनीचा हिस्सा घेतो, आणि काही वर्षांनी तो हिस्सा मोठ्या कंपनीस किंवा पुढील गुंतवणूकदारास चढ्या भावाने विकून बाहेर पडावे, हा त्याचा उघड व रास्त हेतू असतो. हिशेब साधा आहे. कंपनीचे मूल्य ४ कोटी ठरले आणि १ कोटी आले, तर एकूण ५ कोटींपैकी २० टक्के त्यांचे, ८० टक्के आपले. पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदारास २५ टक्के दिले की आपले ६० उरतात; तिसऱ्या फेरीत २० टक्के दिले की ४८. तेथे साधे बहुमत गेले. आणखी घसरत एक चतुर्थांशाच्या खाली आलो, तर विशेष ठराव एकट्याने अडवण्याची शक्तीही जाते, आणि कंपनीची नियमावली विशेष ठरावानेच बदलता येते.

आता गुंतवणूकदार नेमके काय विकत घेतो, याचाही विचार व्हावा. ग्रंथोक्त पाठ तो विकत घेऊ शकत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील ग्रंथांतले औषध परवाना असलेला कोणीही बनवू शकतो, आणि पारंपरिक ज्ञानावर एकस्व मिळत नाही, हे पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) ने स्पष्ट केले आहे. मग उरते ते नाव, आणि त्या नावावर वैद्यांचा व रुग्णांचा असलेला विश्वास. विकला जातो तो हाच, आणि म्हणूनच विक्रीच्या अटी वैद्याने स्वतः घालावयास हव्यात.

मतभेद कोठे उद्भवतील हे आपण जाणतोच. भावप्रकाशाने अभाव द्रव्यांसाठी प्रतिनिधी द्रव्ये सांगितली ती द्रव्य मिळत नसेल तेव्हासाठी. महाग झाले तेव्हासाठी नव्हे. शतावरीचा भाव चढला की संचालक मंडळात कोणीतरी हिशेबाची वही उघडणार. आसवारिष्टांचे संधान पूर्ण होण्यास लागणारे दिवस तिमाही विक्रीच्या आकड्यांसाठी थांबत नाहीत. मधुमेह समूळ बरा होतो अशी जाहिरात केली तर विक्री वाढेल, असे सुचवणाराही भेटेल. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने ती गुन्हा ठरते, आणि खटला उभा राहिला तर वैद्याची अब्रूही पणाला लागते. अशा प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कागदावर नसेल, तर सदिच्छा उपयोगी पडत नाही.

समभाग हातचे गेले की काय होते, याचे एक ठळक उदाहरण मुंबईतच आहे. जामनगरचे विख्यात वैद्य झंडू भट्ट यांच्या नावाने त्यांचे नातू जुगतराम वैद्य यांनी १९१० साली झंडू फार्मास्युटिकल वर्क्सचा पाया घातला. २००८ साली कोलकात्याच्या इमामी समूहाने आधी वैद्य घराण्याकडील हिस्सा घेतला. व्यवस्थापन पाहणाऱ्या पारीख कुटुंबाने काही महिने विरोध केला आणि अखेर आपलाही हिस्सा दिला. ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती, एंजल भांडवलाची नव्हे; परंतु समभाग ज्याच्या हाती त्याच्या हाती निर्णय, हा नियम दोहोंकडे एकच. नव्या उद्योगांत तर ही गती अधिक आहे. २०१६ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘डॉ. वैद्याज’ या कंपनीचा मोठा हिस्सा २०१९ सालीच आरपी-संजीव गोएंका समूहाने घेतला. यात कोणाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. वाट कोठे जाते ते निघण्यापूर्वी ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे.

तेव्हा आमच्या सूचना अशा. चालू फार्मसीस केवळ नवी यंत्रे वा कच्चा माल हवा असेल, तर बँकेचे कर्जच योग्य. त्यासाठी मालकीचा हिस्सा देऊ नये. नवे प्रोप्रायटरी उत्पादन घेऊन दूरच्या बाजारात उतरावयाचे असेल, तर त्यासाठी स्वतंत्र प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी. या कंपनीने लोन लायसन्सवर आपल्याच फार्मसीत माल बनवून घेतला, तर मूळ फार्मसी, तिचे शास्त्रोक्त पाठ आणि चिकित्सालय या व्यवहाराबाहेर राहतात. दोहोंमधील दर व करार मात्र लेखी आणि स्वच्छ असावेत, कारण गुंतवणूकदार ते प्रथम विचारील. जुनाच धंदा तोडून नवा दाखवला, तर ‘स्टार्टअप इंडिया’ची मान्यता मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ५ नुसार नियमावलीतील काही तरतुदी विशेष ठरावापेक्षाही कठोर अटीखेरीज बदलता येणार नाहीत, अशी व्यवस्था करता येते. पाठातील घटक व प्रमाण, प्रतिनिधी द्रव्याचा वापर, कच्च्या द्रव्याची परीक्षा आणि जाहिरातीचा मजकूर या चार बाबींत नियुक्त वैद्याची लेखी संमती आवश्यक, अशी तरतूद कंपनी स्थापन करतानाच घालावी. नंतर ती घालावयाची तर प्रायव्हेट कंपनीत सर्व भागधारकांची संमती लागते. जो गुंतवणूकदार ही अट ऐकूनच उठून जाईल, तो गेलेलाच बरा.

गटात परदेशी गुंतवणूकदार असल्यास जैविक विविधता कायदाही पाहावा. २००२ च्या मूळ कायद्यात भागभांडवलात वा व्यवस्थापनात कोणताही परदेशी सहभाग असलेल्या कंपनीस वनस्पतींच्या व्यापारी वापरासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागे. २०२३ च्या सुधारणेने हे बंधन परदेशी नियंत्रणाखालील कंपन्यांपुरते ठेवले आहे. नियंत्रण कोणाकडे, हा प्रश्न येथेही आलाच.

शेवटी संघटनेकडे आमचे मागणे. वर सांगितलेल्या चार बाबींचा नमुना मसुदा जाणकार वकील व सनदी लेखापाल यांच्याकडून तयार करवून तो सभासदांस उपलब्ध करून द्यावा. त्याहून पुढचे पाऊल आपल्याच हाती आहे. प्रायव्हेट कंपनीत दोनशेपर्यंत भागधारक असू शकतात, आणि जाहीर आवाहन न करता, निवडक व्यक्तींना रीतसर प्रस्ताव देऊन समभाग विकता येतात. आयुष्यभर व्यवसाय करून चार पैसे गाठीशी बांधलेले वैद्य आणि औषधविक्रेते आपल्यात अनेक आहेत. त्यांतील दहा-बारा जणांनी, बुडाले तरी झळ बसणार नाही एवढीच रक्कम, एखाद्या होतकरू तरुण वैद्याच्या कंपनीत घातली, तर त्या कंपनीच्या संचालक मंडळात शतावरी हातात घेऊन पारखणारा माणूस बसलेला असेल. असा गट आपल्या संघटनेतून उभा राहावा, आणि येत्या वार्षिक सभेत या विषयास स्वतंत्र वेळ मिळावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.