कोष्टकांतील रिकामी घरे

नागपूरचे विद्वद्रत्न डॉ. के. ल. दप्तरी यांचे नाव धर्मचर्चेच्या संदर्भात जितक्या आदराने घेतले जाते तितक्या आदराने ते गणिताच्या संदर्भात घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कारण ‘करणकल्पलता’ हा ग्रहगणिताचा संस्कृत ग्रंथ त्यांनी रचला, आणि १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली जी पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली तिच्यावर नागपुराहून त्यांचीच योजना झाली होती. त्यांच्या आधी जवळजवळ शतकभर, १८६० साली, केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्य कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत सिद्ध केली, आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांगही काढले. पंचांगातले ग्रहण आणि आकाशातले ग्रहण यांत पडत चाललेले अंतर ज्यांना सहन होईना अशी ही माणसे होती. लोक ज्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबतात ते आकडे कोणीतरी डोळे उघडे ठेवून तपासलेच पाहिजेत, अशा वृत्तीवाचून हे काम होत नाही.

ही कोष्टके आज संगणकाच्या पोटात गेली आहेत. ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर गणिताची एक लायब्ररी येते. ज्या, कोज्या, लॉगॅरिथम, घातांक यांची किंमत कोणत्याही प्रोग्रॅमने मागितली की ती काढून देणे हे तिचे काम. पुलाचा आराखडा, हवामानाचा अंदाज, विम्याचा हप्ता, उपग्रहाची कक्षा हे सर्व मामले अखेर तिच्या दारी येतात, परंतु तिचे अस्तित्व बहुतेकांच्या गावीही नसते.

सी या भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने असा दंडक घातला की, प्रत्येक फलन साध्या, दुप्पट आणि त्याहून विस्तृत अशा तीन अचूकतांत उपलब्ध असले पाहिजे. दुप्पट अचूकतेत सुमारे १६ दशमान अंक हाती येतात. इंटेल परंपरेच्या यंत्रांवर विस्तृत अचूकतेत सुमारे १९. हुकूम निघाला, पण तामिली रखडली. फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीत घातांक आणि लॉगॅरिथम यांसारख्या अगदी मूलभूत फलनांची विस्तृत रूपे २०१२-१३ च्या सुमारास, म्हणजे तब्बल एका तपानंतर, दाखल झाली, आणि तीही मूठभर स्वयंसेवकांच्या चिकाटीमुळे. जी घरे तरीही रिकामी राहिली त्यांत तात्पुरती कमी अचूकतेची किंमत भरण्याची तजवीज झाली. मात्र असे फलन वापरणाऱ्यास, याची अचूकता जाहीर केल्यापेक्षा कमी आहे, अशी सूचना प्रोग्रॅम जोडतानाच मिळेल, ही दक्षता घेतली गेली. उणीव झाकून न ठेवता तिच्यावर पाटी लावण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

इतक्या बारीक अंकांची मातब्बरी काय, असे विचारणाऱ्यासाठी एक उदाहरण पुरे. ई या संख्येचा घातांक एक भागिले एक हजार कोटी इतका घ्या आणि येणाऱ्या उत्तरातून १ वजा करा. दुप्पट अचूकतेत सरळ मार्गाने हे केले, तर मूळ घातांकाच्या मानाने १.००००००००००५ पट यायला हवे तेथे १.०००००००८२७… पट येते: आठव्या दशांशस्थळीच चूक, आणि सोळा अंकांपैकी निम्मे अंक निव्वळ कचरा. यंत्र बिघडलेले नसते. जवळजवळ समान अशा दोन संख्यांची वजाबाकी झाली की आधीचे पूर्णांकन उघडे पडते. म्हणून ‘घातांक वजा एक’ असे स्वतंत्र फलनच लायब्ररीत ठेवावे लागते. अत्यल्प दराने क्षणोक्षणी वाढणाऱ्या व्याजाचा जमाखर्च ज्याला मांडायचा आहे, त्याला ते घर रिकामे असणे परवडणार नाही.

अशा घराची भरणी किती कष्टाची असते याचा दाखला ज्येच्या गणितात मिळतो. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त भास्कराचार्यांनी पाव वर्तुळात २४ ज्या मांडल्या; कोन कितीही मोठा असो, तो आधी पाव वर्तुळात आणावयाचा, ही त्या गणिताची पहिली पायरी. आजच्या लायब्ररीचीही पहिली पायरी तीच आहे. मात्र कोन प्रचंड असेल तर त्यातून नेमकी पूर्ण आवर्तने काढून टाकण्यासाठी पाय (π) अतिशय सूक्ष्मतेने ठाऊक असावा लागतो, आणि म्हणून सन कंपनीने १९९३ मध्ये मुक्त केलेल्या, फ्रीबीएसडीसह अनेक प्रणालींनी स्वीकारलेल्या लायब्ररीत दोन भागिले पाय या संख्येचे ४७६ दशमान अंक साठवून ठेवलेले आहेत.

ज्याला अधिक अचूकता हवी त्याने स्वतःची सोय पाहावी, हा आक्षेप मी ऐकलेला आहे. मोठ्या प्रयोगशाळेला ती सोय करता येईल. तालुक्याच्या महाविद्यालयातील संशोधकाला येणार नाही, आणि प्रमाणकाने दिलेल्या शब्दावर विश्वासून चालणारा तोच असतो.

आमच्या नागपुरात १९६० पासून अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण देणारी विश्वेश्वरय्या संस्था आहे, १९२३ पासूनचे विद्यापीठ आहे, गणित आणि संगणक या दोन्ही विषयांत गती असलेली मुले आहेत. त्यांच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत एखादे फलन पुरे करणे, त्यातील चूक शेवटच्या अंकाच्या किती अंशात राहते हे लक्षावधी किमतींवर पडताळून दाखविणे, आणि ते काम मुक्त प्रणालीच्या जाणकारांकडून मान्य करून घेणे, यास पूर्ण गुण देण्याची तरतूद अभ्यासमंडळांनी करावी. परीक्षकाला याहून निःसंदिग्ध कसोटी मिळणे कठीण. कामाचा तुटवडाही पडणार नाही: २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीच्या नव्या प्रमाणकाने कोन अर्धवर्तुळाच्या मापाने घेणारी ज्या, कोज्या आदी फलने मागितली आहेत, आणि ज्या प्रणालींत ती अजून नाहीत त्यांना ती आपल्या घरात भरावयाची आहेत.