जुवाखालचा खांदा

या अंकाची मुद्रितं तपासायला यंदा आमच्या गल्लीतला एक तरुण येत होता. वय 34. दुपारी चारला यायचा, खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा आणि ऱ्हस्व-दीर्घ इतक्या निगुतीने पाहायचा, की त्याच्या हाताखालून गेलेलं पान मी पुन्हा उघडत नसे. एकदा तिथे आलेल्या कुणाच्या तरी मोबाइलवर संदेश आल्याचा आवाज झाला. दारावर बोटाने टकटक करावी तसा, बारीक. याच्या हातातली पेन्सिल खाली पडली. हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. मोबाइल तो घरीच ठेवून येतो. तळवे पँटला पुसत तो म्हणाला, ‘काकाजी, नोकरी सोडून तीन महिने झाले. कानाला अजून समजून नाही राहिलं.’

दिवाळी अंकाचं संपादकीय साहित्याबद्दल असावं, अशी प्रथा आहे. पण ती पडलेली पेन्सिल काही केल्या मनातून जात नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

2016 च्या जानेवारीत ‘स्टार्टअप इंडिया’ची सुरुवात झाली आणि त्याच उन्हाळ्यात तो पुण्याला गेला. आमच्या नागपूरच्या नंदनवनात इंजिनिअरिंग कॉलेज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे ही वाट आमच्याकडे पुष्कळांनी धरलेली. पहिली कंपनी एका सदनिकेत होती. बारा माणसं, एक फ्रिज. रात्री दीडला काम संपलं की कंपनीचा मालक स्वतः मॅगी करायचा. त्या मॅगीबद्दल हा मुलगा आजही मायेने बोलतो आणि ती माया खोटी नाही. ओळख नाही, मोठ्या संस्थेचा शिक्का नाही, इंग्रजी अडखळतं. अशा मुलाच्या हाती चोविसाव्या वर्षी लाखभर माणसं वापरतील असं काम दुसऱ्या कुणी दिलं असतं? त्या जगाचं हे देणं नाकारून मला पुढे लिहिता येणार नाही.

पगार बाजारभावापेक्षा कमी होता. उरलेलं शेअरच्या रूपाने मिळणार होतं. हे शेअर साधारणपणे चार वर्षांत थोडेथोडे पदरात पडतात आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काहीच हाती लागत नाही. पडले तरी विकायचे कुणाला? कंपनी शेअरबाजारात नोंदलेली नसते. कुणी घेणारा उभा राहीपर्यंत तो कागद. आणि ते नावावर करून घ्यायचे म्हटलं, तर बहुतेकदा हातात रुपया येण्याआधी प्राप्तिकर भरायची वेळ येते. त्याची पहिली कंपनी बंद पडली. दुसरी विकली गेली, पण घेणाऱ्याचे पैसे गुंतवणूकदारांपाशीच संपले. तिसरीत तो मॅनेजर झाला. एका सोमवारी वरून आलेली यादी वाचून त्याने आपल्याच अकरा जणांना व्हिडिओ कॉलवर काढलं. प्रत्येकाला सात मिनिटं. त्यानंतर बाराव्या महिन्यात त्याने स्वतः राजीनामा दिला.

पैसे गेल्याचं दुःख तो करत नाही. ‘थकवा झोपल्यावर जाते, काकाजी. मी मन लावून केलं ते खरं होतं का, हे नाही जात.’

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 मध्ये ‘बर्नआउट’ या शब्दाला आजचा अर्थ दिला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या माणसांकडे पाहून. कामचुकार तिथे जळत नव्हते. जे तळमळीने आले होते, तेच आधी जळाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या अवस्थेची व्याख्या करताना तिला आजार म्हटलं नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या, आवर न घातलेल्या ताणातून ती येते, असं म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या: अंगातली शक्ती सरणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आपल्या हातून आता काही नीट होत नाही असं वाटणं. आपल्याकडे मात्र अशा मुलाला पहिला सल्ला मिळतो तो पहाटे उठून प्राणायाम करण्याचा. प्राणायाम चांगलाच, पण ताण कुठून आला हे विचारायचं त्यातून राहून जातं.

नागपूरला हे विचारायचा अधिकार आहे. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून कापसाच्या मुलखात गिरणी काढणं हे त्या काळी मोठं धाडस होतं. कामगार वरचेवर गैरहजर राहत. टाटांनी त्यांना धरून ठेवायला बक्षिसं आणि सोयी सुरू केल्या. 1886 मध्ये पेन्शन फंड उभा केला, 1895 पासून अपघाताची भरपाई देऊ लागले. गिरणीतलं आयुष्य तरीही खडतर होतं, त्याला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. तिकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागत होते. 10 जून 1890 ला रविवार मिळाला. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी पुढे रेटलेल्या दुरुस्तीने 1946 मध्ये कारखान्यांचा आठवडा 48 तासांवर आला. मालकाचं मन मोठं असो की लहान, कामगाराला धरायला एक लिखित ओळ मिळाली.

आमच्या मुलाकडे ती ओळ नव्हती. त्याच्याकडे ‘आपण कुटुंब आहोत’ हे वाक्य होतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तासांची मर्यादा आहे, पण व्यवस्थापकीय पदावरचा माणूस त्यातून वगळलेला. म्हणजे ‘मॅनेजर’ ही पाटी मिळाली, पेढे वाटले गेले आणि त्याच दिवशी त्याच्या तासांवरचं झाकण निघालं. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांचा दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत आणि आस्थापनांचा 10 तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. उद्योगातले मोठे लोक आठवड्याचे 70 तास म्हणाले, मग 90. या आकड्यांची मला चीड येते. 2024 च्या जुलैत पुण्यात नोकरीला लागून चार महिने झालेली 26 वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी गेली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतरही आपण तासच मोजतो आहोत.

आणि आपण घरचे? मुलगा लागला की ‘पॅकेज किती?’ आणि परत आला की ‘मग आता काय करून राहिला?’ जगनाडे चौकात भाजी घेतानाही त्याच्या आईला हे विचारलं जातं, म्हणून ती आता लांबच्या बाजारात जाते.

या अंकाचंही सांगतो. इतकी वर्षं आम्ही लेखकांना रात्री अकराला फोन करत आलो. मानधन ‘अंक निघाला की पाहू’ म्हणत आलो. घरचं काम आहे, असंच म्हणत आलो. यंदा लेख स्वीकारल्याच्या दिवशीच मानधन दिलं आणि संध्याकाळी सातनंतर कुणाला फोन केला नाही. त्यासाठी 24 पानं कमी करावी लागली. वाचकांनी त्याबद्दल आम्हाला जाब विचारला, तर हेच उत्तर देईन.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो तरुण मला उमरेडकडे, आपल्या मामाच्या गावी घेऊन गेला. बैलांची खांदशेकणी होती. मामांनी तुपात हळद कालवली, पळसाचं पान निखाऱ्यावर धरलं आणि याच्या हाती दिलं. बैलाच्या मानेमागे, जू टेकतं तिथे, हाताच्या पंजाएवढ्या जागेवरचे केस गेलेले. कातडी काळी, जाड, तकतकीत. याने पान तिथे ठेवलं. बैलाने कान हलवले आणि उभा राहिला.

‘मामा, इथे केस परत येतात?’

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. गार झालेलं पान त्याच्या हातातून घेतलं आणि दुसरं शेकून दिलं.