सोडून दिला म्हणजे वाचला?

"पण आम्ही सोडून देतो ना!"

मंडळी, फ्लाय फिशिंग करणाऱ्या माणसाशी पाच मिनिटं बोललात की हे वाक्य येणारच. "मी शाकाहारी आहे, फक्त अंडं खातो" या चालीवर. मासा पकडायचा, फोटो काढायचा, पाण्यात सोडायचा. हिंसा शून्य, पुण्य जमा. इथे डेन्व्हरला जून उजाडला की ऑफिसातले बरेच जण शनिवारी कुठल्या ना कुठल्या ओढ्यावर असतात आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी स्कोअर सांगतात. बावीस पकडले, तीस पकडले, सगळे सोडले. या "सगळे सोडले"वर आज जरा भांडायचं आहे.

आधी नवख्यांसाठी थोडा खुलासा. फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला गांडूळ लावून झाडाखाली डुलक्या काढणं नव्हे. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा असतो. त्याला वजन जवळपास नसतंच, वजन असतं दोरीला, आणि ती दोरी हवेत मागेपुढे झुलवत किडा बरोब्बर माशाच्या नाकापुढे उतरवायचा. मासा म्हणजे ट्राउट. आणि क्रीक म्हणजे, मुंबईकरांनो, खाडी नव्हे! ठाणे क्रीक डोक्यातून काढा. इथे क्रीक म्हणजे डोंगरातला ओढा. काही ठिकाणी उडी मारून ओलांडता येईल एवढा, तळाचे गोटे दिसतील इतका स्वच्छ, आणि मे महिन्यात पाय बधिर होतील इतका गार. मी यात पुरता अडकलेलो आहे, त्यामुळे हे बाहेरच्या माणसाचं कीर्तन समजू नका.

तर मुद्दा असा. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. त्याचं रक्त थंड, म्हणजे पाण्याचं जे तापमान तेच त्याच्या अंगाचं. साधारण १० ते १८ अंश सेल्सियसमध्ये तो मजेत असतो. २० च्या वर, म्हणजे इथल्या भाषेत ६८ फॅरनहाइटच्या वर, तो खाणं कमी करून नुसता तग धरायला लागतो. २५ च्या आसपास जगणंच कठीण. यात मेख अशी की गरम पाण्यात दोन गोष्टी एकदम बिघडतात. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम मावतो, २० अंशाला ९.१ च्या आसपास. डोंगरात हवेचा दाब कमी, म्हणून आकडा आणखी खाली. आणि त्याच वेळी, अंग तापल्यामुळे, माशाला प्राणवायू जास्त लागतो. पुरवठा खाली, मागणी वर. सर्व्हरचं लोड वाढतंय आणि कोणीतरी मागून रॅम काढून घेतंय, असं समजा.

आता अशा माशाला गळाला लावून दोन मिनिटं पळवा. त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं, रक्ताचा तोल जातो. मग त्याला पाण्याबाहेर काढा. माशासाठी हे म्हणजे जिने चढून धापा टाकत वर आलेल्या माणसाच्या तोंडावर उशी दाबण्यासारखं आहे. का? तर फोटो नीट आला नाही, थांब, अजून एक.

कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोघांनी १९९२ मध्ये रेनबो ट्राउटवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मासे आधी दमवले. त्यातले जे पाण्यातच ठेवले त्यांच्यापैकी १२ टक्के १२ तासांत मेले. जे ३० सेकंद हवेत धरले त्यांच्यापैकी ३८ टक्के. आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के! हे प्रयोगशाळेतले, रक्ताचे नमुने घ्यायला नळी घातलेले मासे होते, त्यामुळे ओढ्यावर तोच आकडा येईल असं मी म्हणणार नाही. इंजिनिअर आहे, बेंचमार्क आणि प्रॉडक्शन यातला फरक कळतो. पण आलेख कुठल्या दिशेला जातो ते बघा. आणि लक्षात घ्या, मासे लगेच नाही मेले. काही तासांनी मेले.

इथेच आमच्या मंडळींची गोची आहे. "अरे, हातातून सोडल्यावर सुसाट पळाला की!" पळाला, बरोबर. म्हणजे तुम्हाला सक्सेसचा रिस्पॉन्स मिळाला. मागे जो जॉब चालू होता तो दोन तासांनी एका गोट्याखाली फेल झाला, त्याचा लॉग बघायला तुम्ही तिथे नव्हतात. तुम्ही तेव्हा आइसबॉक्समधली बियर उघडत होतात. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे उत्तर आपण टेस्टरच्या तोंडावर फेकतो तेव्हा निदान थोडी लाज तरी वाटते.

आता थोडा हिशोब करू. कोलोरॅडोत दिवसाला चार ट्राउट घरी न्यायची कायदेशीर परवानगी आहे. एक म्हातारा येतो, दोन पकडतो, दोन्ही मारतो, संध्याकाळी लोण्यात परततो. त्याच्याकडे आमचे सोडून देणारे कसे बघतात ते एकदा पाहा, जणू त्याने देवळात चप्पल घातली. आणि आमचा वीर ऑगस्टच्या दुपारी तीनला, तापलेल्या पाण्यात, तीस पकडून तीस सोडतो. समजा त्यातले दहात एक मेले. फक्त एक. झाले तीन. म्हाताऱ्याचे दोन. आणि म्हाताऱ्याचे पोटात तरी गेले.

माझी मालवणची आजी हे एका वाक्यात बोलून गेली. फोनवर मोठ्या उत्साहाने सांगत होतो, तर म्हणाली, "खावचो नाय तर पकडलंस कित्याक?" तिला फ्लाय फिशिंग समजावायचा नाद मी सोडला. पण प्रश्न सोपा नाही हं. याचं एकच बऱ्यापैकी उत्तर माझ्यापाशी आहे: मासा खरोखर वाचत असेल तरच हा खेळ, खेळ आहे. थंड पाण्यात, झटपट, पाण्याबाहेर न काढता सोडला तर बहुतेक मासे वाचतात, आणि अशा नियमांनी इथल्या कितीतरी नद्या टिकल्या आहेत. ली वुल्फ यांनी १९३९ सालीच मासे परत सोडण्याची बाजू मांडली होती, तेव्हा ते क्रांतिकारक होतं. माझा विरोध सोडण्याला नाही. तापलेल्या पाण्यात सोडण्याच्या नावाखाली पकडत राहण्याला आहे.

"मग सरकार बंदी घालेल की." घालतं, मोठ्या नद्यांवर. मोंटानात याला हूट आउल म्हणतात: पाण्याचं रोजचं कमाल तापमान सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला पोचलं की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते. नाव लाकूडतोड्यांचं. शंभरेक वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आगीच्या भीतीने ते भल्या पहाटे, घुबडं घुमत असताना काम करायचे. २०२१ च्या जुलैत यलोस्टोन नॅशनल पार्कने सगळ्या नद्या आणि ओढे दुपारी दोनपासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत बंद केले. सक्तीने. त्याच महिन्यात आमच्या इथे कोलोरॅडो नदीच्या मोठ्या पट्ट्यावर जी बंदी आली ती ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय, हे ज्याने ऑफिसात "टाइमशीट वेळेत भरावी ही विनंती" अशी मेल पाठवलीय त्याला विचारा.

पण ओढ्यांचं काय? मोठ्या नदीवर सरकारी मोजमापाची ठाणी असतात, प्रवाह किती, काही ठिकाणी तापमान किती, सगळं बसल्या जागी दिसतं. ओढ्याला डॅशबोर्ड नाही. ज्या ओढ्यावर कोणी मोजतच नाही तिथे बंदी कशाच्या जोरावर येणार? आणि पाणी तिथे कमी, उथळ. वर विलोची झुडपं असली तर ठीक, नाहीतर दिवसभर उन्हात तापलेल्या गोट्यांवरून वाहत येणारं. म्हणजे सगळ्यात नाजूक जागी राखण करायला कोण, तर तुम्ही आणि तुमच्या खिशातला थर्मामीटर. एका पिझ्झ्याच्या किमतीत मिळतो. आठशे डॉलरचा रॉड, चारशेचे वेडर आणि थर्मामीटर नाही असे लोक मी दर आठवड्याला बघतो. डोकं फिरतं.

काही जण शहाणपणा करतात, "आम्ही संध्याकाळी सहानंतर जातो, ऊन उतरल्यावर." ऊन उतरतं हो, पाणी नाही उतरत. पाणी हवेच्या मागून तापतं आणि मागून निवतं. दुपार कलताना ते सर्वात गरम असतं आणि सूर्योदयाच्या आसपास सर्वात गार. म्हणजे गार वाऱ्यात तुम्ही खूश, आणि मासा दिवसभराच्या तापानंतर अर्धमेला. जायचं तर पहाटे जा.

याहून वाईट एक प्रकार आहे, आणि तो जाणकार लोक करतात, म्हणून जास्त राग येतो. उन्हाळ्यात ट्राउट गार पाण्याच्या शोधात एकत्र जमतात. एखादा झरा जिथे ओढ्याला मिळतो, तिथल्या चार हात जागेत डझनभर मासे दाटीवाटीने उभे असतात. आमच्या तज्ज्ञांना ती जागा ठाऊक असते आणि ते बरोब्बर तिथेच किडा टाकतात. मराठवाड्यात मे महिन्यात टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायका डोळ्यापुढे आणा, आणि कोणीतरी तिथे येऊन म्हणतोय, वा, आज गर्दी छान जमलीय. याला कौशल्य म्हणायचं?

मोह मला कळतो. ऑगस्टच्या दुपारी नाकतोडे गवतातून उडून पाण्यात पडतात आणि ट्राउट एरवीचं सगळं सावधपण विसरून वर झेप घेतो. नाकतोड्याचा खोटा किडा काठाला चिकटवून सोडायचा आणि तो धप्पकन गिळलेला बघायचा, यासारखी मजा या खेळात दुसरी नाही. नेमकी ती वेळ चुकीची. काय करणार?

"पण गाइड लोकांच्या पोटाचं काय?" हा एकच आक्षेप मला गंभीर वाटतो. पण बरेच गाइड आधीच पहाटे पाचला गिऱ्हाईक बोलावतात, दुपारी एकला सोडतात. आणि नदीच आजारी पडली तर कोणाचंच पोट भरत नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मोंटानात यलोस्टोन नदीत एका परजीवीमुळे हजारो व्हाइटफिश मेले, कमी प्रवाह आणि गरम पाणी त्यात भर घालत होतंच. १८३ मैल नदी बंद झाली. नुसती मासेमारी नाही, नावासुद्धा.

आणि पोटाचाच विषय काढलात म्हणून सांगतो. आमच्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ६१ दिवस. ज्यांची चूल त्याच्यावर चालते ते कोळी बांधव होड्या शाकारून घरी बसतात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नव्या हंगामाला हात घालतात. तिथेही नियम मोडणारे आहेत, मी आंधळा नाही. पण पोटासाठी समुद्रावर जाणारा दोन महिने थांबू शकतो, आणि सहा आकडी पगार घेणारा माणूस छंदासाठी एक दुपार थांबू शकत नाही? "मी लायसन्सचे पैसे भरलेत" म्हणे. गाडीचं लायसन्स आहे म्हणून शाळेसमोरून ऐंशीने हाणतोस का रे बाबा?

कोणी असंही सुनावतं की ब्राउन ट्राउट इथला नाहीच, त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली, मेला तर मेला. मग खा की त्याला! नको असलेल्या माशाला हाल करून सोडण्यात कसला आलाय निसर्ग? आणि शेजारच्या डोहात इथला मूळचा कटथ्रोट असतो, तोही त्याच पाण्यात उकडतोय.

तेव्हा वाद घालायचा असेल तर जरूर घाला, पण तापमान मोजून या. पाणी ६५ फॅरनहाइटला पोचलं की मी आवरायला लागतो, ६८ ला रॉड गाडीत. एरवीही दोरा जरा जाडच लावतो, म्हणजे मासा लवकर जाळ्यात येतो. काटा बिनअडीचा, हात ओले, मासा पाण्यातच. फोटो नाही. दुपारी फारच हात शिवशिवले तर डेन्व्हर शहरातून वाहणाऱ्या साउथ प्लॅटवर कार्प आहेत, आपल्या रोहू-कटल्याच्या गोत्रातले. त्यांना गरम पाणी ट्राउटपेक्षा पुष्कळ चालतं आणि त्यांना फसवणं ट्राउटपेक्षा अवघड आहे, करून बघा. नाहीतर सरळ दहा हजार फुटांवर चढा, तिथले ओढे ऑगस्टातही गार असतात. फक्त तिथेही आधी थर्मामीटर, मग रॉड.

या शनिवारी मी पहाटे साडेचारला निघतोय. गाडीत दोन जागा आहेत, थर्मामीटर जास्तीचा एक आहे. साडेदहापर्यंत परत, आणि येऊन माझ्याकडे मिसळ. पाव आणायची जबाबदारी जो उशिरा उठेल त्याची.