आधी मिसरी सोडा, मग ब्लीच बघा

लग्नसराई तोंडावर आली की धाराशिव जिल्ह्यात दात पांढरे करायची घाई सुटते. नवरदेव लिंबू-सोड्याने दात घासतो, करवली कोळशाची काळी पेस्ट मागवते, आणि खिसा गरम असेल तो सोलापूर गाठून निळ्या दिव्याखाली तोंड वासून बसतो. पद्धत कोणती चांगली, यावर प्रत्येकाकडे मत आहे. दात पिवळे कशाने झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. उत्तर देवळीतल्या डब्यात आहे ना!

मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळी, जेवल्यावर, रानातून आल्यावर बोटाने हिरड्यांवर फिरवत बसायचं. याला आम्ही दात घासणं म्हणतो. केंद्र सरकारने 1992 साली दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यापर्यंत कोण येणार? पुरुषांचं तर बोलायलाच नको. राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे. गालातल्या पुडीला ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. आणि स्वतःच्या बोटावर मिसरी असलेली सासू स्थळ बघून आल्यावर म्हणते, "पोरगी चांगली आहे, दात तेवढे पिवळे वाटले." बाई, तुमच्या पणजीच्या काळी लग्न झालेल्या बाया दातवण लावून दात मुद्दाम काळे करायच्या आणि त्यालाच देखणेपण म्हणायच्या!

तंबाखूचा डाग बराचसा दातावरच्या किटणात बसलेला असतो. दंतवैद्याने स्केलिंग आणि पॉलिश केलं की तो निघतो, आणि कितीतरी तोंडांना ब्लीचची गरजच उरत नाही. शिवाय दंतवैद्य हिरडी आणि गाल बघतो. मिसरीच्या जागी पुसून न जाणारा पांढरा चट्टा आला असेल, तर कॅन्सरच्या आधीची ती पायरी असू शकते. तोंडातला तो पांढरा रंग वेळेत दिसायला हवा. पण स्केलिंगचं नाव काढलं की आमचा माणूस म्हणतो, "नको, त्यानं दात हलत्यात." हिरडी आणि हाड किटणाने केव्हाच खाल्लेलं असतं, किटण निघाल्यावर ते कळतं, एवढंच.

हाच माणूस आठवडी बाजारात पथारीवाल्याला कापसाच्या बोळ्याने कसलंसं 'औषध' दातांवर फिरवू देतो. ते बहुधा आम्ल असतं. दात झटक्यात उजळतो, कारण वरचं कवच विरघळलेलं असतं. लिंबू तेच काम सावकाश करतं. जाडं मीठ आणि कोळसा खरवडून करतात. गेलेलं कवच परत येत नाही आणि आतला थर मुळातच पिवळा. म्हणजे एवढं घासून पदरात काय? आणखी पिवळा दात आणि गार पाण्याने उठणारी कळ.

खरं ब्लीच पेरॉक्साइडचं. 1989 साली हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड मापाच्या ट्रेमध्ये भरून रात्री लावायची रीत मांडली. भरवशाची म्हणून ती आजही टिकून आहे, पण तिला दोनेक आठवड्यांचा धीर लागतो. धीर नाही म्हणून दिवा. दिव्याने उजेड फारसा वाढत नाही, बिल वाढतं. युरोपात 0.1 टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइडचं ब्लीच गिऱ्हाइकाला थेट विकता येत नाही. त्यापुढे 6 टक्क्यांपर्यंत दंतवैद्याच्या देखरेखीखाली, आणि 18 वर्षांखालच्यांना नाहीच. आपल्याकडे कुरिअरवाला दारात आणून देतो. खोक्यावर टक्का छापलेला सापडला तर नशीब समजा.

ज्या पोरांनी दात घडायच्या वयात फ्लोराइडचं बोअरचं पाणी प्यायलं, त्यांची या बाजारात वेगळीच लूट होते. त्यांच्या दातांवरचे खडूसारखे पट्टे आणि तपकिरी डाग कवचाच्या आतले. पेस्टने ते जात नाहीत, आणि ब्लीचने पट्टे कधी कधी आणखी उठून दिसतात. त्या घराने पेस्टचे पैसे वाचवावेत आणि धाकट्यांसाठी बोअरचं पाणी तपासून आणावं, लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तर ते पाणी पिण्याचं नाही.

नवरदेवाला एवढं करूनही ब्लीच हवंच असेल, तर पुडी थांबवून तारखेच्या दीड-दोन महिने आधी दंतवैद्याकडे जावं. आणि पुढच्या दाताला कॅप असेल तर तेही आधीच सांगावं. कॅपवर ब्लीच चालत नाही. फोटोत सगळे दात पांढरे येतील आणि कॅपवाला तेवढा एकटा जुन्या रंगात हसेल.