वेळेआधी पोहोचण्याचे शास्त्र

विमान कंपन्यांच्या वक्तशीरपणाची मासिक टक्केवारी जाहीर झाली की अव्वल ठरलेली कंपनी जाहिराती झळकावते आणि तळाला गेलेली धुक्याकडे बोट दाखवते, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. या परीक्षेत अपेक्षित उत्तर परीक्षार्थीच आधी लिहून देतो, ही बाब मात्र फारशी कोणाला खटकत नाही.

मुंबई व दिल्ली येथील विमानतळांमधील हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले किमान अंतर, सुमारे १,१४० किलोमीटर आहे. ते प्रत्येक विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून, म्हणजे त्याच्या साधारण मध्यावर मानलेल्या एका बिंदूपासून मोजले जाते; त्या बिंदूवर सामानासह ताटकळण्याचा योग कोणाही प्रवाशाच्या नशिबी नसतो, हे सोडून देऊ. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने हे अंतर दीड तासाच्या आत सरायला हवे, आणि चढण्या-उतरण्यातील मंदगती व हवाई मार्गांची वळणे हिशेबात धरली तरी दोन तास पुरेसे ठरावेत. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा आकडा दिसतो.

हा फरक ज्या संज्ञेत मुरतो तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लावेपर्यंतचा सगळा काळ तीत मोडतो. त्यामुळे मुंबईच्या सहार विमानतळावर ठोकळे निघाले, ट्रॅक्टरने विमान मागे रेटले आणि दिल्लीकर प्रवासी दिल्लीकडे पाठ किंवा तोंड करून चार पावले उलटे सरकले, की दप्तरी प्रस्थान झालेले असते. पुढे ते विमान धावपट्टीच्या रांगेत कितीही वेळ तिष्ठत राहिले तरी त्या प्रस्थानाला बाध येत नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी व्यवहारात एकच उपयोगी पडते, तेव्हा रांगेसाठी थोडा वेळ राखून ठेवणे रास्तच आहे. परंतु त्यावर आणखी माया सोडायची, विलंब मोजताना पंधरा मिनिटांची सर्वमान्य सूट घ्यायची, आणि रांग नसलेल्या दिवशी ‘आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटे आधी पोहोचलो आहोत’ अशी मंगलवार्ता सुहास्य वदनाने ऐकवायची, याला वक्तशीरपणा म्हणणे हा भाबडेपणा झाला. प्रवासी त्यावर कृतज्ञ होतो, हा या शास्त्राचा परमोच्च विजय होय.

अर्थात ही विद्या आकाशातून पडलेली नाही. शेवटच्या दोन स्थानकांमध्ये वाजवीपेक्षा जास्त वेळ दाखवून उशीर गिळून टाकण्याची कला रेल्वेने फार पूर्वी सिद्ध केली आहे. १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन मुंबई-पुणे अंतर पावणेतीन तासांत तोडत असे. आज तिला तीन तासांहून अधिक वेळ अधिकृतपणे मंजूर आहे, आणि तो पाळला की ती वेळेवर आली म्हणून मान डोलावणारेही पुष्कळ आहेत. नव्वद वर्षांहून अधिक काळच्या प्रगतीचे हे फळ विमान कंपन्यांनी अभ्यासले असेल, तर त्यांची गुणग्राहकता मान्य केली पाहिजे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिकिटावर दोन रकाने सक्तीचे करावेत: मागील महिन्यात त्या मार्गावर विमान सरासरी किती वेळ हवेत होते आणि किती वेळ जमिनीवर. तोवर मासिक टक्केवारी वाचकांनी जाहिरातींच्या पानावरच वाचावी.