सरकारी हाय नं, मंग कायले भेव?

"सरकारी हाय नं, मंग कायले भेव?"

आमच्या काटोलात पैशाची कुठलीही चर्चा या वाक्यापाशी येऊन थांबते. मास्तर रिटायर झाले, ग्रॅच्युइटीचे पैसे आले. कोणाची जमीन रस्त्यात गेली, मोबदला मिळाला. कोणाचा संत्र्याचा बगीचा यंदा बरा निघाला. पैसे ठेवायचे कुठे? कोणीतरी 'सरकारी बाँड' म्हणतं आणि सगळे मान डोलावतात. मला हे वाक्य अर्धंच पटतं. सरकार आपले पैसे बुडवणार नाही, इथवर ठीक. पण भेव फक्त बुडण्याचंच असतं का?

आणि 'सरकारी' म्हटलेलं बुडतच नाही, असंही नाही बरं का! आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. 2001-02 साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं खाजगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घ्यायला पैसे दिले. त्यातली एक कंपनी होती होमट्रेड, जिच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत सचिन, शाहरुख आणि हृतिक दिसायचे तीच. पैसे गेले, रोखे काही आले नाहीत. सुमारे दीडशे कोटी रुपये! जिल्हा बँक म्हणजे शेतकर्‍यांची बँक, तेव्हा हे पैसे कोणाचे ते सांगायला नको. खटला एकवीस वर्षं चालला. 22 डिसेंबर 2023 ला नागपूरच्या न्यायालयानं बँकेचे तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा सुनावली. केदारांनी अपील केलं आणि जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना जामीन दिला.

यात भारत सरकारनं कोणाचा एक पैसाही बुडवला नव्हता. कागदच हातात आला नव्हता! म्हणून बाँड सरकारी आहे की नाही याच्याइतकंच तो कोणाच्या नावावर आहे हे महत्त्वाचं. आज ते सोपं झालंय. 12 नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेत आपण स्वतःच्या नावानं खातं उघडू शकतो. खात्याला फी नाही, दहा हजारांपासून सरकारी रोखे घेता येतात, मध्ये दलाल नाही.

मग उरलेलं भेव कशाचं? पहिलं व्याजदराचं.

बगीचेवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. झाडावरचा आंबिया बहार व्यापार्‍याला ठोक भावात देऊन टाकला की सौदा पक्का. नंतर भाव चढला तर आपण हळहळतो, पडला तर आपण शहाणे! ठरलेल्या व्याजाचा बाँड म्हणजे असाच दहा वर्षांचा सौदा. समजा 7 टक्क्यांचा, दहा वर्षांचा बाँड शंभर रुपयांना घेतला. पुढच्याच महिन्यात बाजारात 8 टक्के मिळू लागले, तर तुमचा 7 टक्केवाला शंभरला कोण घेणार? त्याचे साधारण 93 येतील. तोच बाँड तीस वर्षांचा असेल तर 89 च्या आसपास. मुदत जितकी लांब, तितका झोका मोठा. व्याजदर उतरले की अर्थात उलट होतं, जुन्या बाँडचा भाव चढतो. 2001-02 मध्ये नेमके दर उतरत होते, म्हणून तर रोख्यांची एवढी हवा होती.

कोणी म्हणेल, मुदतीपर्यंत ठेवलं तर शंभरचे शंभर मिळतातच ना? मिळतात. पण दहा वर्षं पैसे लागलेच नाहीत असं घर मला काटोलात दाखवा! उन्हाळ्यात बोअर आटतो, बगीचा वाळायला लागतो, लेकीचं लग्न ठरतं, नागपूरच्या दवाखान्यात बायपास निघते. त्या दिवशी बाजारात जो भाव असेल तो आपला. आणि दर किती हलतात ते अलीकडेच पाहिलं आपण. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे 2020 मध्ये 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा, जून 2025 मध्ये पुन्हा साडेपाच. पाच वर्षांत एवढी चढउतार!

दुसरं भेव महागाईचं, आणि ते जास्त खोल आहे, कारण ते दिसत नाही.

घरातले मोठे नेहमी सांगतात, "आमच्या वेळी पीपीएफला बारा टक्के होते." खरंय, जानेवारी 2000 पर्यंत होतेच. एप्रिल 2020 पासून 7.1 झाले. पण 1998 आठवतं का? कांद्यानं रडवलं होतं ते वर्ष. त्या वर्षी महागाईच तेरा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे बारा टक्के व्याज मिळूनही पैशाची ताकद त्या वर्षी कमीच झाली. पासबुकातला आकडा वाढला, पिशवीतलं सामान नाही.

आता उलटं बघा. ऑक्टोबर 2025 मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर 0.25 टक्क्यांपर्यंत खाली आला होता. ठेवीदार खूश. पण तो आला कशानं? मुख्यतः भाज्या नि डाळी स्वस्त झाल्यानं. म्हणजे शहरातल्या माणसाची बचत ती आपल्याकडच्या शेतकर्‍याची कमाई बुडाली! संत्र्याचं तर आणखीनच वेगळं. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवलं की काटोल-नरखेडचा भाव पडतो, आणि दवाखाना, शिकवण्या, मजुरी यातलं काहीच त्यासाठी थांबत नाही. तेव्हा देशाचा महागाई दर आणि आपल्या घरचा महागाई दर एकच, असं धरून चालू नये.

यावर सरकारनं एक औषध काढलं होतं. डिसेंबर 2013 मध्ये महागाईशी जोडलेले बचत रोखे आले. किरकोळ महागाई जितकी असेल तितकी, वर दीड टक्का, मुदत दहा वर्षं. लोकांनी फारसे घेतले नाहीत. एफडीला तेव्हा नऊ टक्क्यांच्या आसपास मिळत होते, आणि या रोख्यांचं व्याज हातात न येता सगळं शेवटी मिळणार होतं, वर त्यावर कर. रिटायर माणसानं दहा वर्षं खायचं काय? मार्च 2014 मध्ये विक्री बंद झाली. पुढे महागाई उतरली, म्हणजे एफडीवालेच शहाणे ठरले म्हणा. पण पाऊस चांगला झाला म्हणून पीकविमा चुकीचा होता, असं म्हणायचं का?

आता आहेत ते 2020 चे फ्लोटिंग रेट बचत रोखे. नावात फ्लोटिंग आहे, पण त्यांचा दर बांधलेला आहे पोस्टाच्या राष्ट्रीय बचत पत्राला, त्याच्यापेक्षा 0.35 जास्त. महागाईला नाही. जुलै 2023 मध्ये तो 8.05 झाला आणि 2025 मध्ये रेपो उतरला तरी तिथेच राहिला. व्याज सहा महिन्यांनी हातात येतं, हे चांगलंच. पण मुदत सात वर्षं, साठीच्या आतल्यांना मध्ये मोडता येत नाही, विकता येत नाही, तारण ठेवून कर्जही नाही. आणि व्याजावर कर. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर हातात साडेसहाच्याही खाली पडतात.

माझं स्पष्ट मत असं की महागाईशी जोडलेले रोखे सरकारनं पुन्हा आणावेत, पण दर सहा महिन्यांनी व्याज हातात देणारे. पेन्शन नसलेल्या माणसाला, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांना, खरी गरज त्याची आहे. 2013 ची योजना लोकांना नको होती असं नाही, ती लोकांच्या घरखर्चाकडे बघून बनवली नव्हती.

तोवर आपल्या हातात एवढंच आहे की दोन वर्षांत लागणारे पैसे लांब मुदतीच्या कुठल्याच कागदात घालू नयेत, मग तो कितीही सरकारी असो. उरलेल्यांचेही दोन-तीन वेगवेगळ्या मुदतींचे तुकडे करावेत, म्हणजे दर चढले तर नवा तुकडा चढ्या दरात जातो आणि उतरले तर जुना आधाराला असतो. आणि नातेवाईक मंडळी, मला फोन करून "कोणता बाँड घेऊ?" असं विचारण्याआधी पुढच्या सात वर्षांत घरात काय काय यायचंय ते एका कागदावर लिहून काढा. बोअर, लग्न, दवाखाना, सगळं. अर्धं उत्तर त्या कागदावरच सापडेल.